हॅम्बुर्ग : व्यापाऱ्यांच्या हातातलं शहर

दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला हॅम्बुर्ग आपल्या बंदराचा वाढदिवस साजरा करतं. शिडांची जुनी जहाजं मिरवणुकीनं एल्बे नदीतून येतात, एरवी मोठाली जहाजं ओढणाऱ्या टगबोटी संगीताच्या तालावर पाण्यात गिरक्या घेतात आणि काठावर लाखो माणसं जमतात. वाढदिवसाची तारीख आहे ७ मे ११८९. त्या दिवशी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं हॅम्बुर्गकरांना सनद दिली आणि शहरापासून थेट समुद्रापर्यंत त्यांच्या मालावरची जकात माफ केली, अशी कथा आहे. ती सनद अजून जपून ठेवलेली आहे. मात्र ती बनावट आहे. सम्राट वारल्यावर सुमारे पाऊणशे वर्षांनी, १२६५च्या आसपास, ती लिहवून घेतली गेली. धर्मयुद्धावर निघालेल्या बार्बारोसाला मदतीची निकड होती. तोंडी काही शब्द त्यानं दिला असेलही. पण जकातीचे वाद उभे राहिले की तोंडी शब्द कामाला येत नाही. हातात कागद लागतो, आणि तो हॅम्बुर्गकरांनी तयार केला.

या शहराला कागदाची एवढी गरज का पडावी, हे नकाशा पाहिला की कळतं. हॅम्बुर्ग समुद्रावर नाहीच. उत्तर समुद्र इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. भरतीचं पाणी मात्र नदीतून इथवर चढतं; आज बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो. नदी वरच्या अंगाला बोहेमियापर्यंत जाते. आसपासची जमीन सखल, दलदलीची. सोन्याची खाण नाही, राजधानीचा मान नाही. जमण्यासारखा उद्योग एकच : दुसऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, साठवायचा, निवडायचा, त्याचा भाव ठरवायचा आणि पुढे रवाना करायचा. अशा गावाला खोल पाण्याइतकीच सवलतींची आणि करारांची गरज असते. हे करार करणारे आणि पुढे शहरावर राज्य करणारे लोक एकच होते, व्यापारी. त्यांचं हित आणि शहराचं हित एका दिशेनं चाललं तेव्हा या गावानं युरोपनं हेवा करावा असं काही उभं केलं. ती दोन हितं फाकली तेव्हा किंमत मोजली ती गल्लीबोळांतल्या माणसांनी. हॅम्बुर्गचा इतिहास मला तरी असाच वाचावासा वाटतो.

शहराच्या मध्यभागी याचा दगडविटांचा पुरावा आहे. १८९७ मध्ये पुरं झालेलं राटहाउस, म्हणजे नगरभवन, आणि त्याच्या आधी बांधलेली शेअर बाजाराची इमारत या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. दोहोंच्या मध्ये एकच चौक आहे. राज्यकारभार आणि बाजारभाव एकाच अंगणात. आजही हॅम्बुर्ग हे जर्मन संघराज्यातलं एक स्वतंत्र राज्य आहे, अधिकृत नावात ‘स्वतंत्र आणि हान्सा शहर’ ही बिरुदं आहेत, आणि सुमारे १९ लाख वस्तीचं हे शहर बर्लिनच्या खालोखाल देशात दुसरं आहे.

हान्सा म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांची आघाडी. १२४१ मध्ये हॅम्बुर्गनं बाल्टिक समुद्रावरच्या ल्युबेकशी वाटेवरच्या लुटारूंविरुद्ध तह केला, आणि या आघाडीच्या उभारणीतलं ते मोठं पाऊल ठरलं. डेन्मार्कला वळसा घालून जाण्याऐवजी बाल्टिकचा माल ल्युबेकला उतरायचा, बैलघोड्यांच्या गाड्यांनी हॅम्बुर्गला यायचा आणि इथून पश्चिमेकडे जायचा. ल्यूनेबुर्गचं मीठ, बाल्टिकचे हेरिंग मासे, धान्य, लाकूड, मेण. हॅम्बुर्गचा स्वतःचा माल म्हणजे बिअर. चौदाव्या शतकात या एका गावात साडेचारशेहून अधिक बिअर गाळणारे होते आणि त्यांची पिंपं ॲमस्टरडॅमपर्यंत जात. जहाजं लुटणाऱ्या क्लाउस श्टोर्टेबेकरचा शिरच्छेद ग्रासब्रोक या नदीकाठच्या मैदानात झाला; त्याच्याभोवती पुढे इतक्या दंतकथा जमल्या, की तो आता शहराचा लाडका खलपुरुष आहे.

हान्सा संघ कालांतरानं विरला. हॅम्बुर्ग विरलं नाही, कारण त्यानं वेळीच अटलांटिककडे तोंड फिरवलं. १५५८ मध्ये इथं जर्मनीतल्या सर्वांत जुन्या बाजारांपैकी एक, म्हणजे आजच्या भाषेत एक्स्चेंज, सुरू झाला. १६१९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या धर्तीवर बँक निघाली. तिच्या पहिल्या खातेदारांत पोर्तुगालमधून छळामुळे पळून आलेले ज्यू व्यापारी होते. लुथरपंथी धर्मगुरूंना हे लोक गावात नको होते. नगरसभेनं मात्र त्यांना ठेवून घेतलं, कारण स्पेन, पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या साखरेचे धागे त्यांच्या हातात होते. या आश्रयाला उदारपणा म्हणायचं की हिशेब, हा प्रश्न इथं पहिल्यांदा पडतो. उत्तर १६९७ मध्ये मिळालं : नगरानं त्यांच्यावर जबर कर लादले, आणि बरीच श्रीमंत घराणी शेजारच्या आल्टोनाला किंवा ॲमस्टरडॅमला निघून गेली. आल्टोना तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं आणि धर्माच्या बाबतीत हॅम्बुर्गहून मोकळं होतं. ही दोन गावं एकमेकांना इतकी खेटून होती, की एका रस्त्याची एक बाजू हॅम्बुर्गची आणि दुसरी आल्टोनाची. हे लक्षात ठेवा. पुढे त्या रस्त्यावर फार मोठी गोष्ट घडणार आहे.

राजदरबार नसल्याचा एक सुंदर परिणाम संगीतात दिसला. १६७८ मध्ये हॅम्बुर्गच्या नागरिकांनी गेन्झेमार्क्ट या चौकात ऑपेराचं नाट्यगृह उघडलं. जर्मनीत इतरत्र ऑपेरा हा राजेरजवाड्यांचा शौक होता. इथं तिकीट काढील त्याला आत जागा. तरुण संगीतकार हेंडेल १७०३ मध्ये इथं वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला आला. टेलेमान १७२१ पासून मरेपर्यंत, म्हणजे ४६ वर्षं, शहराचा संगीत-प्रमुख होता. मेंडेल्सझोन इथं जन्मला, ब्राम्स इथल्या गरीब वस्तीत वाढला. ब्राम्सला हवं असलेलं वाद्यवृंदाचं पद गावानं त्याला दिलं नाही आणि तो व्हिएन्नाला गेला. संगीताचं एवढं वैभव असलेल्या शहरानं आपल्या सर्वांत मोठ्या मुलाला असं जाऊ दिलं, याची खंत हॅम्बुर्गकर आजही बोलून दाखवतात.

१८४२ च्या मे महिन्यात लागलेली आग तीन दिवस धुमसली. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला, ५१ माणसं मेली, सुमारे वीस हजार बेघर झाली. राखेतून नवं शहर आखताना विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याला बोलावलं गेलं. त्यानं भुयारी गटारं बांधली. युरोपच्या मुख्य भूमीवर अशी व्यवस्था असलेलं हॅम्बुर्ग हे पहिल्या काही शहरांतलं. घरोघरी नळही आले. नळाचं पाणी एल्बेतून उचललेलं होतं, शहराच्या थोडं वरच्या अंगाहून, आणि ते वाळूतून गाळून घ्यायची सोय केली गेली नाही. गाळणीसाठी पैसा लागणार होता. पुढची कित्येक दशकं या खर्चावर चर्चा होत राहिली.

पैसा नव्हता असं नाही. तो दुसरीकडे चालला होता.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं तरी हॅम्बुर्ग त्याच्या जकातीच्या कुंपणाबाहेर राहिलं. चॅन्सेलर बिस्मार्कला ते खपेना. १८८१ मध्ये तडजोड झाली : शहर जकातसंघात येईल, पण बंदराचा एक भाग मुक्त राहील. तिथं जगभरातला माल उतरवा, साठवा, भाजा, चाळा, मिसळा, पुन्हा जहाजावर चढवा, जकात शून्य. कुंपण ओलांडून जर्मनीत गेला तरच कर. या मुक्त बंदरासाठी गोदामं हवी होती, आणि ती शहराला लागूनच हवी होती. त्यासाठी केरवीडर आणि वांडराम हे नदीतल्या बेटांवरचे मोहल्ले रिकामे करण्यात आले. सुमारे वीस हजार माणसं हलवली गेली. श्रीमंत व्यापाऱ्यांची जुनी घरंही त्यात होती, पण बहुतेक वस्ती गोदी कामगारांची, खलाशांची, हमालांची. घरमालकांना भरपाई मिळाली. भाडेकरूंना दुसरी घरं बांधून देण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. माणसं कामापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती उरलेल्या गल्ल्यांत, गेंगेफियर्टल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दाट वस्त्यांत कोंबली गेली.

रिकाम्या जागेवर उभं राहिलं ते श्पायशरश्टाट, गोदामांचं शहर. लाखो लोक आज ते पाहायला येतात आणि ते पाहण्यासारखंच आहे. दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर लाल विटांच्या उंच इमारती, गॉथिक धाटणीचे कळस, हिरवट पडलेली तांब्याची छपरं. प्रत्येक गोदामाला दोन दारं : एक कालव्याकडे, एक रस्त्याकडे. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर यारी. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव कालव्यात शिरायचे, पोती यारीनं थेट हव्या त्या मजल्यावर चढायची. जाड भिंतींमुळे आत उन्हाळा-हिवाळा फारसा जाणवत नाही. कॉफी, कोको, चहा, तंबाखू, मसाले यांना हेच लागतं. या मालाची राखण करणाऱ्या, नमुने काढणाऱ्या, प्रतवारी लावणाऱ्या लोकांच्या भागीदारीतल्या पेढ्या असत. हाताला आणि नाकाला माल कळणारी ही माणसं आपल्याकडच्या मसाल्याच्या आणि कापसाच्या बाजारातल्या जुन्या जाणकारांच्या जातकुळीतली. ऑक्टोबर १८८८ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते समारंभ झाला. हे बांधकाम पुढे १९२७ पर्यंत चालू होतं.

आता १८९२ चा ऑगस्ट. उन्हाळा कडक होता, नदी आटलेली आणि कोमट. महिन्याच्या मध्याला गोदीत पटकीचे पहिले रुग्ण दिसले. पटकी जाहीर करायची म्हणजे बंदर बंद पडणार, जहाजांवर बंदी येणार. अधिकाऱ्यांनी खात्री करून घेण्यात जवळजवळ आठवडा घालवला. तेवढ्यात देशांतरितांनी भरलेली बोट न्यूयॉर्कला निघूनही गेली. भरतीबरोबर गटारांचं पाणी पंपापर्यंत मागे ढकललं जात होतं आणि तिथून न गाळता प्रत्येक नळात. बर्लिनहून रॉबर्ट कॉख आला. पटकीचे जंतू त्यानं आठ वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात दाखवले होते. हॅम्बुर्गच्या गल्ल्यांतली दशा पाहून तो हादरला. जवळपास सतरा हजार लोकांना लागण झाली आणि ८,६०० हून अधिक मेले.

आणि आल्टोना? तेही एल्बेचंच पाणी पीत होतं, शिवाय हॅम्बुर्गची सगळी घाण पोटात घेतलेलं, खालच्या अंगाचं पाणी. पण आल्टोनानं १८५९ पासून ते वाळूतून गाळायला सुरुवात केली होती. तिथं साथ जेमतेम शिरली. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला माणसं मरत होती, दुसऱ्या बाजूला नाही. हद्दीच्या आत, हॅम्बुर्गच्याच जमिनीवर, कामगारांची एक मोठी चाळ होती. योगायोगानं तिला नळ आल्टोनाचा होता. त्या चाळीत एकही रुग्ण सापडला नाही. कॉखला याहून स्पष्ट पुरावा नको होता. हवा तीच, जमीन तीच, माणसं त्याच परिस्थितीतली. फरक फक्त वाळूच्या थराचा.

गाळणी का नव्हती, याचं उत्तर राज्यपद्धतीत होतं. हॅम्बुर्गच्या विधिमंडळात १६० जागा होत्या. त्यातल्या ८० सर्वसाधारण मतदारांच्या, ४० घरमालकांच्या, ४० मानकऱ्यांच्या. सर्वसाधारण मतदार व्हायलाही नागरिकत्वाची फी भरावी लागे, आणि गोदी कामगाराला ती परवडत नसे. पाण्यासाठी जास्तीचा कर बसला तर तो घरमालकांच्या डोक्यावर येणार. त्यामुळे निर्णय रेंगाळत राहिला. काल्टेहोफे बेटावर गाळण प्रकल्पाचं काम अखेर सुरू झालं होतं, तो पुरा झाला १८९३ मध्ये. एक वर्ष उशिरा. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये सोळा हजारांहून अधिक गोदी कामगार संपावर गेले. थंडीत अकरा आठवडे टिकले आणि हरले. त्याच वर्षी नागरिकत्वाची फी रद्द झाली.

हे वाचताना मुंबईकराला १८९६ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या सप्टेंबरमध्ये गोदीला लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. तीही वस्ती धान्याच्या गोदामांची आणि हमालांच्या खोल्यांची. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, गल्ल्या पाडून रस्ते रुंद केले गेले. हॅम्बुर्गमध्येही दाट वस्त्या पाडल्या गेल्या, आणि त्यातल्या एका मोठ्या भूखंडावर गरिबांची घरं नव्हे, तर व्यापारी कचेऱ्यांचा अख्खा मोहल्ला उठला. तिथलं चिलीहाउस १९२४ मध्ये पुरं झालं. फ्रिट्झ ह्योगर या वास्तुकारानं ४८ लाख गडद विटा वापरून ते रचलं. त्याचं टोक जहाजाच्या नाळीसारखं रस्त्यावर येतं. मालकानं पैसा चिलीच्या सोऱ्यात कमावला होता, म्हणून हे नाव. २०१५ मध्ये युनेस्कोनं श्पायशरश्टाट आणि हा कचेऱ्यांचा मोहल्ला दोन्ही जागतिक वारशात घेतले.

या काळातला सर्वांत मोठा हॅम्बुर्गकर म्हणजे आल्बर्ट बालिन. ज्यू कुटुंबातला, १८५७ चा जन्म, वडिलांची देशांतरितांना तिकिटं विकणारी छोटी पेढी. बालिन हापाग या जहाज कंपनीचा प्रमुख झाला आणि पहिल्या महायुद्धाआधी त्यानं ती जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी करून दाखवली. तिचा पाया होता गरीब प्रवासी. १८५० ते १९३९ या काळात सुमारे पन्नास लाख माणसं हॅम्बुर्गहून परदेशी गेली, त्यातली फार मोठी संख्या पूर्व युरोपातून आलेल्यांची आणि अमेरिकेला जाणाऱ्यांची. आजारी प्रवासी अमेरिकेनं परत पाठवला तर खर्च कंपनीवर पडे. पटकीनंतर बालिननं ओळखलं, की स्वच्छ निवारा देणं फायद्याचंच आहे. १९०१ मध्ये फेडेल बेटावर त्यानं देशांतरितांची वसाहत उभारली : झोपायच्या खोल्या, दवाखाना, ज्यूंसाठी वेगळं स्वयंपाकघर, प्रार्थनास्थळं. हिशेब आणि माणुसकी एका रेषेत आल्या की काय घडतं, त्याचा हा नमुना. कैसर त्याच्याकडे जेवायला यायचा. इंग्लंडशी युद्ध होऊ नये म्हणून बालिननं धडपड केली, ती फुकट गेली. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, साम्राज्य कोसळलं त्याच दिवशी, झोपेच्या गोळ्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कचेऱ्यांच्या त्या मोहल्ल्यात त्याच्या नावाची इमारत बांधली गेली, बालिनहाउस. नाझींनी १९३८ मध्ये ज्यू नाव नको म्हणून तिचं नाव बदलून मेसबेर्गहोफ केलं. या इमारतीत टेश उंड श्टाबेनोव नावाच्या फर्मची कचेरी होती. जहाजं आणि गोदामं कीडमुक्त करण्याचं तिचं काम. आउशवित्झसारख्या छावण्यांना झायक्लॉन-बी हा विषारी वायू तिनं पुरवला. मालाची मागणी आली, बिल झालं, माल गेला. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयानं ब्रुनो टेश आणि त्याचा एक अधिकारी यांना फाशी दिली. हॅम्बुर्गचा व्यापारी नाझी विचारांपासून मनानं दूर होता, असं इथं बरीच वर्षं सांगितलं जाई. ते मला पटत नाही. शहराच्या हद्दीतच नॉएनगामेची छळछावणी होती, तिथं आणि तिच्या उपछावण्यांत एक लाखाहून अधिक कैदी डांबले गेले आणि त्यातल्या किमान ४२ हजारांचा अंत झाला. ते कैदी जहाजबांधणीच्या कारखान्यांत राबवले गेले, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. १३ मे १९४४ रोजी गेस्टापोनं सांक्ट पाउलीतल्या छोट्या चिनी वस्तीवर धाड घालून १२९ जणांना पकडलं. खलाशांची, खानावळींची ती वस्ती पुन्हा वसली नाही.

याच शहरात, ११ सप्टेंबर १९४२ रोजी, भारताच्या दृष्टीनं एक महत्त्वाची घटना घडली. आल्स्टर तलावाच्या काठी हॉटेल आटलांटिक आहे. हापागच्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी १९०९ मध्ये बांधलेलं. तिथं सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत जर्मन-भारतीय संस्थेचं उद्घाटन झालं, आणि वाद्यवृंदानं ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून वाजवलं. भारतानं ते अधिकृतपणे स्वीकारण्याआधी सात वर्षांहून अधिक काळ. आपल्याला हा प्रसंग अभिमानाचा वाटतो आणि वाटावा. त्याच वेळी हेही माहीत असावं, की त्याआधी जवळपास वर्षभर हॅम्बुर्गच्या ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवणं चालू होतं.

दहा महिन्यांनी, जुलै १९४३ च्या अखेरीस, ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी शहरावर सलग हल्ले केले. २७ जुलैच्या रात्री आगींचं एकच वादळ झालं. हामरब्रोक, रोथेनबुर्गसोर्ट, हाम, सगळे कामगारांचे भाग. किमान ३४ हजार लोक मेले, सुमारे नऊ लाख लोकांनी शहर सोडलं. सांक्ट निकोलाय चर्चचा मनोरा, जो १८७४ ते १८७६ या काळात जगातली सर्वांत उंच इमारत होता, तेवढा उभा राहिला. चर्च पुन्हा बांधलं नाही. ते अवशेष स्मारक म्हणून ठेवले आहेत.

बेघर झालेले अनेक लोक विल्हेल्म्सबुर्ग बेटावर बागांतल्या तात्पुरत्या घरांत राहत होते. १९६२ च्या १६ फेब्रुवारीच्या रात्री वादळानं समुद्राचं पाणी नदीत लोटलं आणि बांध फुटले. ३१५ माणसं गेली, बहुतेक त्याच बेटावर. पोलिस खातं सांभाळणाऱ्या हेल्मुट श्मिटनं कायद्यात तरतूद नसतानाही लष्कराची आणि नाटोची हेलिकॉप्टरं बोलावली. पुढे तो पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला. दारिद्र्य नेहमी सखल भागात राहतं, हे मुंबईत २६ जुलैचा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. आज ग्रासब्रोकच्या जागी हाफेनसिटी नावाचा १५७ हेक्टरांचा नवा भाग उठतो आहे; तिथल्या इमारती पुराच्या पातळीहून वर, भराव घातलेल्या जोत्यांवर आहेत.

सांक्ट पाउलीबद्दल थोडक्यात. रेपरबान हा पूर्वी जहाजांचे दोर वळणाऱ्यांचा रस्ता. पुढे खलाशांच्या करमणुकीचा झाला. १९६० मध्ये लिव्हरपूलची पाच अनोळखी पोरं इथल्या क्लबांत रात्री तासन्‌तास वाजवत राहिली आणि बीटल्स म्हणून घडली. जॉर्ज हॅरिसन अवघा सतरा वर्षांचा म्हणून त्याला परत पाठवलं गेलं. जवळच रविवारी पहाटे मासळीबाजार भरतो, १७०३ पासून. दालचिनी-साखरेचा फ्रान्सब्र्योटशन पाव, खारवलेलं मांस, बटाटा आणि बीट यांचा लाब्सकाउस, आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी ‘मॉइन’ एवढाच नमस्कार. बोलण्यात काटकसर हा इथला स्वभाव आहे.

३१ मे १९६८ रोजी अमेरिकन लान्सर हे कंटेनर जहाज बुर्खार्डकाई धक्क्याला लागलं आणि गोदीचं जगणं बदललं. ज्या जहाजाला पाठीवर पोती वाहणारे शेकडो हात लागत, त्याचं काम लोखंडी पेट्या आणि क्रेन तासांत करू लागल्या. २००२ मध्ये सुरू झालेल्या आल्टेनवेर्डर टर्मिनलवर पेट्या वाहणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हर नाही. फाळणीच्या काळात पूर्व जर्मनीची हद्द शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर होती, बोहेमियाकडचा व्यापार आक्रसला होता. १९८९ नंतर तो परत आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहातून चेकोस्लोव्हाकियाला बंदराचा एक भाग ९९ वर्षांच्या करारानं मिळाला होता, तो करार २०२८ मध्ये संपतोय. २००७ मध्ये बंदरानं ९९ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले. त्यानंतर मंदी आली, रॉटरडॅमनं आघाडी वाढवली, अँटवर्पनं मागे टाकलं, आणि २०२४ मध्ये आकडा ७८ लाखांवर होता. आपल्या न्हावा-शेव्यानंही आता ७० लाखांचा टप्पा ओलांडला आहे. मुक्त बंदराचं कुंपण १ जानेवारी २०१३ पासून नाही. त्याच्या आतला श्पायशरश्टाटचा भाग तर दहा वर्षं आधीच मोकळा झाला होता.

कोको, चहा आणि तंबाखू साठवणाऱ्या काइश्पायशर-ए या १९६० च्या दशकातल्या गोदामावर आता काचेच्या लाटांची एल्बफिलहार्मोनी उभी आहे. सुरुवातीला शहरावर ७.७ कोटी युरोंचा बोजा पडेल असं सांगितलं होतं, तो ७८.९ कोटींवर गेला, आणि २०१० ऐवजी ती जानेवारी २०१७ मध्ये उघडली. या आकड्यांवर हॅम्बुर्गकर संतापले होते. तरी ११० मीटर उंचीच्या त्या इमारतीत, बंदराच्या भोंग्यांचा आवाज येऊ नये म्हणून स्प्रिंगांवर तोललेल्या २,१०० आसनांच्या सभागृहात आज तिकीट मिळणं कठीण असतं. करदात्यांचा पैसा या शहरानं एकदा तरी अशा गोष्टीवर उधळला, जिच्यातून कुणाची वखार भरत नाही, याचा मला आनंद आहे.

सध्याचा मोठा वाद नदीचाच आहे. वीस हजारांहून अधिक पेट्यांची जहाजं शंभर किलोमीटर आत आणायची तर पात्र खोल हवं. १३.५ मीटर बुडीची जहाजं कुठल्याही वेळी आणि १४.५ मीटरची भरतीला यावीत, असा बेत ठरला. पर्यावरणवाद्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. त्यांच्या बाजूनं उभी होती शियरलिंग्स-वासरफेन्शल नावाची एक पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती, जी जगात फक्त एल्बेच्या भरतीच्या चिखलात वाढते. २०१७ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं, की तिच्यासाठी पुरेशी पर्यायी जागा दाखवल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही. जागा शोधायला शहराला वेळ लागला. त्यातली एक काल्टेहोफेच्या शेजारच्या बिलवेर्डर बेटावर, पाणीपुरवठ्याच्या जुन्या जमिनीवर सापडली. खोदाई झाली, २०२२ च्या सुरुवातीला नवी खोली जहाजांना खुली केली गेली, आणि त्याच वर्षाअखेर एवढा गाळ साचला, की बुडीची मर्यादा सुमारे एका मीटरनं पुन्हा घटवावी लागली. काढलेला गाळ कुठं टाकायचा, यावर खालच्या अंगाच्या राज्यांशी भांडण होत आलं आहे. २०२४ मध्ये बंदरातली टर्मिनलं चालवणाऱ्या एचएचएलए या शहराच्या ताब्यातल्या कंपनीतला ४९.९ टक्के हिस्सा एमएससी या जहाज कंपनीला द्यायला विधिमंडळानं मंजुरी दिली. गोदी कामगारांनी नगरभवनासमोर निदर्शनं केली. हापाग-लॉइडसारख्या जुन्या घराण्याच्या गावात एचएचएलएची जवळपास निम्मी मालकी हापाग-लॉइडच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेली. आता मतदानाचा हक्क गोदी कामगारांनाही आहे, आणि प्रत्येक निवडणुकीत या कराराचा हिशेब मागितला जाणार आहे.